दहा रुपयांचं ताट आणि पंचवीस ग्रॅम डाळ

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यासमोर एक शिवभोजन केंद्र आहे, म्हणजे सरकारी योजनेतलं दहा रुपयांत दुपारचं ताट देणारं केंद्र. तिथे मी २०२३ च्या जानेवारीत, ३ ते २० तारखेच्या दरम्यान, सोळा वेळा जेवले. गाव मराठवाड्यातलं. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चांगल्याबरोबर दोन-तीन तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्यामुळे तिथल्या बायकांच्या पोटावर पाय यावा असं मला वाटत नाही. पण असं केंद्र तुमच्याही जिल्ह्यात असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी जे लिहिणार आहे ते कुठल्या डोळ्यांनी पाहिलंय ते कळेल. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, २०१९ ला निवृत्त झाले. शेवटची बारा-तेरा वर्षं शाळेतल्या पोषण आहाराचं काम माझ्याकडे होतं. मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी शिक्षकाने खिचडी चाखायची, चव-नोंदवहीत लिहायचं आणि सही करायची, असा नियम. ती वही मी रोज लिहिली. डाळ मोजून द्यायची, तेल मोजून द्यायचं, संध्याकाळी शिल्लक लिहायची. त्यामुळे पातेल्यात ओगराळं फिरलं की आत डाळ किती असेल याचा अंदाज मला आवाजावरून येतो. घट्ट वरणात ओगराळं बुडताना आवाज होत नाही.

माझा मोठा भाऊ शेतात बांधावरून पडला आणि खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. पुतण्या रात्री थांबायचा आणि सकाळी कामावर जायचा. दिवसभर मी. सरकारी दवाखान्यात रुग्णाला दोन वेळचं जेवण मिळतं, दूध मिळतं. रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला काहीच मिळत नाही, आणि मिळावं असा नियमही नाही. ज्याचं गाव दहा-बारा किलोमीटरवर आहे त्याचा डबा येतो. ज्याचं गाव साठ किलोमीटरवर आहे त्याने काय करायचं? वॉर्डात माझ्या आजूबाजूला बसलेल्या बायका सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव आणि रात्री पुन्हा चहात बुडवून बिस्किट यावर आठ-आठ दिवस काढत होत्या. समोरच्या खानावळीत राईस प्लेट ८० रुपयांना. दोन माणसं असली की दिवसाची अर्धी मजुरी एका वेळच्या जेवणात जाते. मग बाई स्वतः जेवत नाही, नवऱ्याला जेवायला पाठवते. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पहिल्या दिवशी मला ताट मिळालं नाही. दाखल करून घेणं, केसपेपर, एक्स-रे, रक्त, हे सगळं होईपर्यंत दुपारचे दोन वाजून गेले. केंद्रावर गेले तर आतली ताई परात घासत होती. "बाई, दीडशे झाली, संपली. उद्या बारालाच या." तिच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता. माझ्यामागे आणखी चौघं उभे होते, त्यातली दोघं एसटीने लांबून आलेली. दवाखान्यात पहिल्या दिवशी आलेला माणूस बारा वाजता रांगेत उभा राहूच शकत नाही, कारण तेव्हा तो कुठल्यातरी दुसऱ्या रांगेत असतो. आणि भुकेची वेळ म्हणाल तर त्याचीच सगळ्यांत मोठी असते, पहाटेचा निघालेला असतो. निदान दवाखान्यासमोरच्या केंद्रांना तरी वेळ वाढवून मिळावी आणि वीस-पंचवीस ताटं अडीचपर्यंत बाजूला ठेवायची मुभा मिळावी. ही माझी पहिली तक्रार, आणि ती त्या बायकांवर नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेबारालाच गेले.

जागा म्हणजे एक गाळा. समोर पत्र्याची शेड, तीत सिमेंटचे कट्टे, बसून जेवता येतं. बाहेर नळ, नळाशी दोरीने बांधलेला साबण. हात धुतल्याशिवाय ताट नाही, हे गल्ल्यावरची ताई सगळ्यांना सांगते, कोणाचीही भीड न ठेवता. पोलीस शिपाई आला तरी त्याला नळ दाखवते. ताट स्टीलचं, कप्प्यांचं, कोरडं पुसलेलं. पाण्याची टाकी झाकलेली आणि तिला तोटी होती, पेला बुडवून पाणी घ्यायची पद्धत नाही. शाळेत हे एवढं करवून घ्यायला मला किती वर्षं लागली होती ते मला माहीत आहे.

भिंतीवर फलक होता: चपात्या दोन, प्रत्येकी ३० ग्रॅम, भाजी १०० ग्रॅम, भात १५० ग्रॅम, वरण १०० ग्रॅम, दर १० रुपये. शहरातल्या ताटाची किंमत ५० रुपये धरलेली आहे, त्यातले १० आपण द्यायचे आणि ४० सरकार केंद्राला देतं. खेड्यात ३५ धरलेत, तिथे सरकारचे २५. ही योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली आणि दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. तेव्हा ताट ५ रुपयांना केलं होतं आणि २०२१ मध्ये काही महिने फुकट. गल्ल्यावरची ताई सांगत होती, त्या दिवसांत त्यांनी ताटं वाढलीच नाहीत, सगळं बांधून दिलं, आणि रांग दवाखान्याच्या फाटकाच्याही पुढे जायची. ते सांगताना तिचा हात थांबला नाही. सुट्टे पैसे मोजत होती.

पहिला घास वरणभाताचा घेतला. वरण घट्ट, वरून जिरं-लसणाची फोडणी, मीठ बेताचं. भात मोकळा होता, चिकट गोळा नव्हता. भाजी बटाट्याची, तेलाचा तवंग नाही. चपाती मऊ, पण जरा जाडसर, मधोमध एक फुगवटा करपलेला. सोबत कांद्याची एक फोड, ती फलकावर नव्हती. जेवून उठले तेव्हा पोट जड झालं नाही आणि चार वाजेपर्यंत भूकही लागली नाही. दवाखान्यातल्या दिवसाला याहून जास्त काही लागत नाही.

पण हे माझ्यासारख्या साठीच्या बाईचं झालं. फलकावरचे आकडे मिळवले तर सगळं ताट ४१० ग्रॅमचं होतं. भाताचा आकडा शिजलेल्या भाताचा आहे. १५० ग्रॅम शिजलेला भात म्हणजे कच्चा तांदूळ साधारण पन्नास-पंचावन्न ग्रॅम. आमच्या शाळेत सहावी ते आठवीच्या लेकराला माप होतं कच्चा तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, आणि त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. म्हणजे भात-डाळीच्या बाबतीत तेरा वर्षांच्या पोराचं माप या ताटापेक्षा मोठं होतं. चपात्या जमेस धरल्या तरी पोती वाहणारा हमाल किंवा ऊसतोडीहून थेट दवाखान्यात आलेला माणूस एका ताटात भागत नाही. त्यांना दुसरं ताट घेता येत नाही, कारण ताट देताना हिशेबासाठी प्रत्येकाचा फोटो काढतात आणि तो एकदाच निघतो. वाढणारी मावशी त्यांच्याकडे बघून मूद जरा मोठी पाडायची. एक मधुमेहाची बाई रोज भात नको म्हणायची, तिला मावशी भाताऐवजी तिसरी चपाती द्यायची. एका ताटावर दोन लेकरं घेऊन बसलेल्या आईला न मागता भात यायचा. हे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही. वाढणारीला माणूस ओळखता येतो, म्हणून ते होतं.

आता वरणाबद्दल. माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

चौथ्या की पाचव्या जेवणाला वरण पातळ होतं. ताटात भाताभोवती ओघळलं आणि शेजारच्या कप्प्यात गेलं. रंग पिवळा होता, हळद भरपूर होती, पण बोटाला डाळ लागत नव्हती. फलकाप्रमाणे १०० ग्रॅम वरण ताटात होतंच. वजनात कोणी खोट काढू शकलं नसतं. फलकावर वरणाचं वजन लिहिलंय, त्यात डाळ किती असावी हे लिहिलेलं नाही, आणि पाण्यालाही वजन असतं.

मी जेवून आत गेले. स्वयंपाक करणारी ताई मला दोन दिवसांपासून ओळखत होती. म्हटलं, "ताई, रागावू नका. मी शाळेत खिचडीचा हिशेब ठेवायचे. आज डाळ किती टाकली?"

ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "अडीच किलो."

"रोज किती टाकता?"

"पावणेचार. काल दुकानदारानं उधार दिलं नाही, बाई. होती तेवढी टाकली."

आम्ही तिथेच, पिठाच्या डब्याच्या झाकणावर खडूने हिशेब केला. दीडशे ताटांना पावणेचार किलो म्हणजे ताटाला २५ ग्रॅम डाळ. अडीच किलो म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम. डाळीचा चौथ्या हिश्श्याजवळ भाग प्रथिनांचा असतो, म्हणजे पहिल्या ताटात वरणातून साडेपाच-सहा ग्रॅम मिळत होते, दुसऱ्यात चारच्या आत. त्या आठवड्यात तूरडाळ तिथे ११० रुपये किलो होती. सव्वा किलोचा फरक म्हणजे १३७ रुपये. दीडशे ताटांत वाटला तर ताटामागे ९२ पैसे. पन्नास रुपयांच्या ताटात एक रुपयासुद्धा नाही, आणि त्यातच ते ताट पोषणाचं आहे की नुसतं पोट भरायचं हे ठरतं. भाजीत बटाटा असेल आणि वरणात पाणी असेल तर माणूस चपाती, भात आणि बटाटा खाऊन उठतो. पिष्ट, पिष्ट आणि पिष्ट. पोट भरतं, अंग भरत नाही. आठ-दहा दिवस वॉर्डात उशाशी बसलेल्या बाईचा चेहरा बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

शाळेच्या योजनेत एक गोष्ट फार शहाणपणाची होती. माप कच्च्या मालाचं होतं. डाळ २० ग्रॅम, मोठ्या वर्गांना ३०. भाज्या ५० ग्रॅम, मोठ्यांना ७५. तेल ५ आणि साडेसात. हजर मुलं गुणिले माप, तेवढी डाळ पातेल्यात गेलीच पाहिजे. मग वरून पाणी किती ओता, खिचडी पातळ आवडते की घट्ट, तो चवीचा प्रश्न. शिवभोजनाच्या फलकावर शिजलेल्या अन्नाबरोबर कच्च्या डाळीचं माप छापलं, 'ताटामागे तूर किंवा मूगडाळ २५ ग्रॅम' एवढ्या पाच-सहा शब्दांत, तरी जेवणाऱ्याला विचारता येईल आणि करणारीलाही दुकानदाराला सांगता येईल की डाळ मला एवढी लागतेच. तपासणीला येणारा माणूस ताट तराजूवर ठेवतो. त्याने डाळीचा डबा उघडून बघावा.

त्या ताईने मला उलट उत्तर दिलं नाही, की तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्या दिवशी वरण घट्ट होतं आणि पुढे माझ्या सगळ्या जेवणांना तसंच राहिलं. सात बायकांचा बचत गट आहे. पहाटे पाचला दोघी येतात, सात वाजता बाकीच्या. तीनशे चपात्या रोज. माल आधी आणायचा, पैसे मागून यायचे, हे ज्याने गट चालवलाय त्यालाच समजेल. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंना महिन्याचे हजार रुपये होते, पुढे दीड हजार झाले, आणि कधीकधी तेही लेकराची फी भरायची वेळ निघून गेल्यावर हातात यायचे. दुसऱ्याच्या लेकरांना वेळेवर जेवू घालणाऱ्या बाईचे पैसे वेळेवर देणं ही मेहेरबानी नाही. उधारी थांबली की पहिली डाळ पातळ होते. त्यामुळे ज्याला ताट सुधारायचं आहे त्याने आधी त्या बायकांचं बिल वेळेत निघतं का ते पाहावं.

भाज्यांची मी वहीत नोंद ठेवली होती, सवयीने. सोळा जेवणांत बटाटा सहा वेळा, कोबी तीन, वांगं दोन, मेथी दोन, मटकीची उसळ दोन आणि एक दिवस भोगीची भाजी. जानेवारी महिना, मराठवाडा, बाजारात पालेभाजीचे ढीग, आणि सहा दिवस बटाटा. मी विचारलं. उत्तर खरं होतं. दीडशे माणसांची मेथी निवडायला दोन बायका दोन तास बसवाव्या लागतात, बटाटा दहा मिनिटांत चिरून होतो. पैशापेक्षा हात कमी पडतात.

मग मेथी दोन दिवस कशी झाली? दवाखान्याच्या भिंतीला लागून एक भाजीवाली बसते. संध्याकाळी उरलेल्या जुड्या ती केंद्रावर आणून टाकायची, पैसे अर्धे घ्यायची, कधी घ्यायचीच नाही. आणि वॉर्डातल्या आम्ही चार-पाच जणी रुग्ण झोपले की व्हरांड्यात बसून त्या निवडायचो. बसून तरी काय करायचं असतं? हात चालू राहिले की डोकंही जरा शांत राहतं. एक जण तर बाळंतपणाच्या वॉर्डात लेकीसाठी आलेली होती, तिने चुका आणि शेपू कसा मिसळायचा ते सगळ्यांना सांगितलं. तांदूळजा, घोळ, अंबाडी, हरभऱ्याचा पाला, या आमच्याकडच्या भाज्या. घरी पोरींना आता निवडायचा कंटाळा येतो, आणि सरकारी ताटात तर त्या येतच नाहीत. दवाखान्यांनी नातेवाइकांसाठी एक सावलीची जागा आणि चार पाट ठेवले, तरी आठवड्यातून दोनदा पालेभाजी सहज होईल. यात कोणाला एक रुपयाही द्यायचा नाही.

भोगीचा दिवस सांगते. १४ जानेवारी, शनिवार. आदल्या दिवशी गटाच्या बायकांनी ठरवलं की उद्या चपाती नाही, बाजरीची भाकरी करायची. ताटाला एक, तीळ लावून. दीडशे भाकऱ्या. बाजरीचं पीठ शिळं झालं की कडवट लागतं, म्हणून एक जण पहाटे गिरणी उघडायला लावून ताजं दळून घेऊन आली. डॉक्टरांची फेरी झाली, दादाला सकाळचं दूध दिलं आणि मी नऊ वाजता तिथे गेले. काठवट रिकामीच होती, बसले. गरम पाण्यात पीठ मळायचं, उंडा करायचा, तीळ पसरून त्यावर थापायचं. चौघी थापायला, दोघी तव्यावर. पहिल्या दहा-बारा भाकऱ्यांच्या कडा चिरल्या, पीठ जरा कोरडं होतं. मग पाणी वाढवलं आणि हात बसला. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, सुकत आलं की उलटायची आणि मग जाळावर फुगवायची. साडेअकराला शेवटची भाकरी निघाली तेव्हा माझ्या दोन्ही तळव्यांना बाजरीचा वास होता, तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

भाजीत ओले हरभरे, पावटा, वांगी, गाजर, बोरं, तिळाचं आणि शेंगदाण्याचं कूट. आमच्याकडे तिला लेकुरवाळी भाजी म्हणतात. त्या दिवशीचं ताट मी तोलून-मापून बघितलं नाही, पण ते बघूनच कळत होतं. डाळ, कडधान्य, तीळ, शेंगदाणे, भाज्या, बाजरी. वर्षभर आहाराचे तक्ते लावून आम्ही मुलांना जे शिकवायचो ते एका ताटात होतं, आणि ते कोणी आहारतज्ज्ञाने सांगितलेलं नव्हतं. आमच्या आयांनी पौषात शेतात जे असतं ते एकत्र केलं होतं.

दादाच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारबा होते, त्यांचा भाऊ माझ्या समोर जेवायला बसला होता. पुढचे दात नव्हते. रोज तो चपाती बाजूला ठेवायचा, घडी घालून रुमालात बांधायचा आणि संध्याकाळी चहात भिजवून खायचा. त्या दिवशी त्याने भाकरी दोन्ही हातांनी ताटात कुस्करली, वरण त्यावर घेतलं, मुठीने कालवलं आणि एक कण न ठेवता संपवलं. हात धुऊन आला आणि विचारलं, "उद्या बी भाकरच हाय का?" वाढणारी मावशी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "उद्या संक्रांत हाय, बाबा. उद्या गुळाची पोळी न्हाई जमायची, पन तीळगूळ देऊ." आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक ताटात चिमूटभर तीळगूळ होता.

२०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारी-बाजरी खा असं सगळीकडे सांगितलं गेलं आणि ते बरोबरच आहे. मग ज्वारी जिथे पिकते त्या मराठवाड्यातल्या सरकारी ताटात आठवड्यातून दोन दिवस तरी भाकरी यावी. भाकरीला हात जास्त लागतात हे मी स्वतः थापून सांगते आहे. त्या दोन दिवसांसाठी गटाला एका बाईची मजुरी जास्त द्या. १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली होती, ती पुढे टिकली नाही, पण ताटात भाकरी असावी ही कल्पना चुकीची नव्हती. दात नसलेल्या माणसाला कुस्करून खाता येतं, साखरेच्या रुग्णाला चालतं, आणि आमच्या लोकांना ती जेवल्यासारखी वाटते.

फोटोबद्दल लिहिलं पाहिजे. ताट घ्यायच्या आधी गल्ल्यावरची ताई मोबाइलवर नाव घालते आणि फोटो काढते, तो ॲपमधून वर जातो. किती ताटं खरंच वाढली याचा हिशेब सरकारला हवा, हे मला मान्य आहे. जनतेचे पैसे आहेत. पण एका आजीने फोटो म्हटल्यावर पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, "मी काय चोरी केली का?" आणि रांगेतून निघून चालली. ताई गल्ला सोडून तिच्यामागे गेली, तिला समजावून आणलं: हिशेबाला लागतं, आजी, माझाबी काढते रोज. असं प्रत्येक केंद्रावर कोणी मागे जाईलच असं नाही. फोटो कशासाठी, तो कोण बघणार, हे मोठ्या अक्षरात लिहून लावावं आणि ज्याला वाचता येत नाही त्याला सांगावं.

दहा रुपयांबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. ते घ्यावेत. गुरुवारी संध्याकाळी एका मंडळाची पोरं दवाखान्याच्या फाटकाशी खिचडीचं पातेलं घेऊन यायची, फुकट वाटायची. मनाने चांगली पोरं, खिचडीही चांगली. पण माझ्या शेजारची बाई, सातवा महिना असलेल्या सुनेला घेऊन आलेली, त्या रांगेत कधी गेली नाही. दुपारी मात्र कनवटीची दहाची नोट काढून गल्ल्यावर ठेवायची आणि "वरण जरा घट्ट वाढा" असं सांगायची. तिने ते सांगितलं पाहिजे, आणि दहा रुपये दिले म्हणून तिला ते सांगता येतं.

सगळ्यांत मोठी उणीव रात्रीची आहे. ताट फक्त दुपारचं. रात्री आठ वाजता दवाखान्याच्या व्हरांड्यात फिरून बघा, किती जण पाणी पिऊन आडवे होतात. माझी भाची बंगळुरूला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा तिथलं इंदिरा कँटीन पाहिलं होतं. २०१७ पासून चालू आहे. सकाळचा नाश्ता ५ रुपये, दुपारचं आणि रात्रीचं जेवण १० रुपये. तमिळनाडूत अम्मा उणवगम, म्हणजे तिथली स्वस्त सरकारी खानावळ, त्याच्याही आधी, २०१३ पासून, एक रुपयाला इडली. तिथे जमतं तर इथे निदान जिल्ह्याच्या दवाखान्यांपुरतं संध्याकाळचं ताट का नको? खिचडी-कढी, नाहीतर भाकरी आणि पिठलं. पन्नास ताटं ठेवली तरी व्हरांड्यातला अंधार जरा कमी वाटेल.

मार्क द्यायचे तर स्वच्छतेला दहापैकी नऊ देईन, चवीला आठ, वागणुकीला दहा. पोषणाला ज्या दिवशी वरण घट्ट आणि मेथी असेल त्या दिवशी आठ, बटाटा आणि पातळ वरण असेल त्या दिवशी चार. तुम्ही जाणार असाल तर साडेअकरालाच जा, सुट्टे दहा रुपये ठेवा, आणि वरण पातळ असेल तर गप्प बसू नका. भांडू नका, आत जाऊन डाळ किती टाकली ते विचारा.

निघायच्या दिवशी दादाला गाडीत बसवायच्या आधी मी केंद्रावर गेले. माझ्या वहीतलं एक पान फाडून त्यावर माप लिहून नेलं होतं. ७५ ताटांना डाळ एक किलो ८७५ ग्रॅम, १०० ला अडीच किलो, १२५ ला तीन किलो १२५, १५० ला पावणेचार. खाली मटकीचं आणि मेथीच्या जुड्यांचं. स्वयंपाकाच्या ताईने ते पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, म्हणजे वाफेने शाई फुटणार नाही, आणि चुलीमागच्या खिळ्याला अडकवलं.

मार्चमध्ये दादाला पुन्हा दाखवायला नेलं होतं. आता काठी घेऊन अंगणात फिरतो. डॉक्टरांकडून निघायला एक वाजला, तसे आम्ही दोघंही तिथे जेवलो, तो पहिल्यांदाच. भाजी बटाट्याची होती. वरण घट्ट होतं. पान खिळ्यालाच होतं, कडेला फोडणीचे डाग पडले होते, आणि खाली दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात पेन्सिलीने एक ओळ वाढवली होती: शनिवार, भाकरी, बाजरी सात किलो.